घंटा वाजल्यानंतरचा प्रयोग

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, असं आमच्या शाळेतल्या प्रयोगवह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं आहे. जुन्या वह्यांचा एक गठ्ठा प्रयोगशाळेच्या कपाटाच्या तळाशी होता. तो सोडून चाळत बसले, तेव्हा त्यातलं एकमत पाहून थक्क झाले. निरीक्षण तक्त्यातला शेवटचा आकडा सगळीकडे १००. कुणाचा ९९ नाही, कुणाचा १०१ नाही. आमची शाळा लेण्याद्रीच्या डोंगराखाली, कुकडीच्या खोऱ्यात. जुन्नरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर. वर चढावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. म्हणजे आमच्याकडे उघड्या पातेल्यातलं पाणी पावणेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळणार. कुकरची गोष्ट सोडली, तर बरोबर १०० अंशांना उकळलेलं पाणी या तालुक्यात फक्त वह्यांमध्येच सापडतं.

यात मुलांची लबाडी होती असं मला वाटत नाही. तासिका पस्तीस मिनिटांची, स्टोव्ह एक, तापमापी दोन आणि मुलं पन्नास. पाण्याला उकळी फुटेपर्यंत घंटा होते. पुस्तकात उत्तर छापलेलं असतंच. मग निष्कर्ष आधी आणि निरीक्षण मागाहून, अशी रीत आपोआप पडते. बोर्डाच्या प्रात्यक्षिकालाही बहुतेक ठिकाणी ‘बरोबर’ रीडिंगलाच गुण मिळतात, खऱ्या रीडिंगला मिळतील याची खात्री नसते.

सेन्सर वर्गात आणावेत असं मला वाटलं ते या वह्यांमुळे. रोबो बनवायचा किंवा कोडिंग शिकवायचं असला काही विचार त्यामागे नव्हता. सोल्डरिंग शिकले ते पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वीजजोडणी अशी खरी कामं करत शिकावं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे यंत्रांवर वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक या दुष्काळी गावात आहे, हे जुन्नर-आंबेगावातल्या अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. तिथल्या शिबिरातून परतताना माझ्या पिशवीत सेन्सर वाचणारा आर्डुइनो नावाचा एक छोटा बोर्ड, काही तारा आणि डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर होता. हा सेन्सर म्हणजे पेन्सिलीच्या तुकड्याएवढी स्टीलची नळी आणि मागे लांब वायर. किंमत दीडशे रुपयांच्या आत. पाण्यात बुडवता येतो आणि काचेच्या तापमापीसारखा हातातून पडून फुटत नाही. नववीच्या वर्गात या शेवटच्या गुणाचं मोल फार.

पहिल्याच दिवशी त्याने उणे १२७ अंश दाखवले. वर्गात हशा पिकला. एकजण म्हणाला, “मॅडम, हे खोटं बोलतंय.” वायर निघालेली असली की हा सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम उणे १२७ हा आकडा देतो. वायर नीट खोचली तर आला ८५. सेन्सर नुकताच चालू झालाय, अजून त्याने काही मोजलेलंच नाही, तेव्हा त्याच्याजवळ ८५ हा आकडा पडलेला असतो. मी हे आधी सांगून ठेवलं नव्हतं, मुद्दामच. यंत्राच्या पडद्यावर आलेला आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, हे फळ्यावर लिहून वर्षभर समजावलं असतं तरी उमगलं नसतं. त्या दोन आकड्यांनी ते एका दुपारी पटवलं. त्यानंतर आमच्या वर्गात कुणी अतर्क्य बोललं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “एकशे सत्तावीस!”

पाणी उकळलं. आकडा चढत गेला आणि साडेसत्त्याण्णव ते अठ्ठ्याण्णवच्या मध्ये ठाण मांडून बसला. आता खरं भांडण सुरू झालं. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, सेन्सर चुकतोय, कारण पुस्तकात १०० आहे. उरलेल्यांचं म्हणणं, उंचावर राहतो म्हणून. सेन्सरच्या कागदावरच लिहिलेलं असतं की अर्ध्या अंशापर्यंत फरक पडू शकतो. उकळत्या पाण्याइतक्या तापमानाला थोडा जास्तही. मग गोळेवाल्याकडून बर्फ आणला, चुरून पाण्यात घातला, सेन्सर त्यात धरला. शून्याच्या अगदी जवळ. तरी एक मुलगा ऐकेना. “शून्याला बरोबर म्हणून शंभरालाही बरोबर असंल, असं थोडंच हाय?” आक्षेप अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते उत्तर घाटकोपरहून आलं. जुन्नर-आंबेगावातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच पट्ट्यातले, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळचे. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे मामा डबे पोचवतात. दिवाळीच्या सुट्टीत तिने बोर्ड आणि सेन्सर बसवलेली आमची डबी बरोबर नेली आणि मामींच्या गॅसवर पाणी उकळलं. तिथे आकडा शंभराला टेकला. सेन्सर तोच, वायर तीच, पातेलं फक्त वेगळं. दोन्ही आकड्यांत थोडी चूक असेल, पण एकाच सेन्सरची चूक दोन्ही ठिकाणी जवळपास सारखीच असणार, तेव्हा दोहोंतला फरक खरा मानायला हरकत नाही. हा युक्तिवाद मुलीने स्वतः मांडला. वर्गाने मान्य केला. त्या ऐकेना मुलालाही पटलं, फक्त मामींनी पाण्यात मीठ टाकलं नव्हतं ना, एवढं त्याने विचारून घेतलं.

या पहिल्या खटाटोपात सेन्सरने काचेच्या तापमापीपेक्षा वेगळं असं काहीच केलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. आकडा वाचायला सोपा, एवढंच. त्याची खरी करामत कळली ती माठामुळे.

एप्रिलमध्ये आम्ही तीन सेन्सर लावले. एक माठातल्या पाण्यात, एक शेजारच्या स्टीलच्या कळशीत, एक सावलीत हवेत. दर पाच मिनिटांनी नोंद, मेमरी कार्डावर. वेळ चुकू नये म्हणून बटण-सेलवर चालणारं एक छोटं घड्याळ जोडलं. रात्रीची वीज भरवशाची नसते म्हणून पॉवर बँक. सकाळी पाहतो तर नोंदी रात्री सुरू होताच थांबलेल्या. पॉवर बँक भरलेली, डबी बंद. फोन लावलेला नसावा असं समजून पॉवर बँक स्वतःहून बंद होते, कारण आमची डबी वीजच इतकी कमी ओढते. यावरचा तोडगा एका मुलाने काढला. त्याने डबीला एक दिवा जोडला, फक्त वीज खाण्यासाठी. सबंध प्रकल्पात तो दिवा दुसरं काहीच करत नाही. बघायला येणारे पाहुणे मात्र नेमकं त्याच्याबद्दलच कौतुकाने विचारतात.

दुसऱ्या खेपेला दिवस-रात्रीची नोंद पूर्ण आली. कार्डावरचे आकडे संगणकात टाकले की तो एका क्षणात आलेख काढून देतो. मी तो पहिल्या खेपेला काढू देत नाही. आधी ग्राफ पेपर, पेन्सिल, दर अर्ध्या तासाचा एक ठिपका. मुलं कुरकुरतात. पण ठिपके हाताने जोडताना मध्येच पेन्सिल थांबते आणि मूल विचारतं, “इथं का वळलं?” छापून आलेल्या आलेखाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सगळ्यांची समजूत अशी की माठ रात्री काम करतो, कारण सकाळचं पाणी सर्वांत गार लागतं. आलेखातही पाणी पहाटेच सर्वांत गार होतं. पण पहाटे हवासुद्धा गारच असते आणि कळशीतलं पाणीही. हवा आणि माठ यांच्यातलं अंतर पाहिलं तर ते दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त, कारण हवा तेव्हा तापलेली आणि कोरडी, बाष्पीभवन जोरात. माठाची खरी मेहनत आपण झोपलेले असताना होत नाही, उन्हात घामाघूम होतो तेव्हा होते. जुलैत तेच सेन्सर पुन्हा लावले. हवेत ओलावा भरलेला. तिन्ही रेषा एकमेकींना इतक्या चिकटल्या की कुठली कुणाची हे ओळखता येईना.

हे पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दिसणं शक्य नव्हतं. शाळेतलं विज्ञान ‘किती’ विचारतं, कारण ‘किती’चं उत्तर घंटा व्हायच्या आत मिळू शकतं. ‘केव्हा’ विचारायचं तर रात्र, रविवार, सुट्टी सगळं मोजावं लागतं. मला सेन्सर हवा आहे तो त्यासाठी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत सेन्सर लावलेल्या वस्तू पुष्कळ असतात. हात नेला की झाकण उघडणारी कचरापेटी, काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी, अडथळा आला की वाजणारी काठी. दरवर्षी त्याच, व्हिडिओ बघून बनवलेल्या. मुलांचे हात चालतात, हे चांगलंच आहे. पण तिथे सेन्सर म्हणजे नुसतं बटण. एकही आकडा कुणी लिहून ठेवत नाही आणि कचरापेटीला तरी प्रश्न काय विचारणार?

माठावरून मुलांची नजर गेली ती वर्गाच्या छपराकडे. आमचे काही वर्ग पत्र्याचे आहेत, एक जुनी खोली दगडी आहे. दोन्हीकडे छताखाली एकेक सेन्सर टांगला. दगडी खोलीची रेषा दिवसभर जेमतेम हलायची. पत्र्याखालची मात्र दुपार व्हायच्या आधीच बाहेरच्या हवेला मागे टाकून वर जायची. मुलांनी हे आलेख शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडले. समितीतले एक आजोबा म्हणाले, “पत्रा तापतो हे सांगायला मशीन कशाला पाहिजे?” मुद्दा बिनतोड होता. पण आजोबांनीच दुसऱ्या आठवड्यात चुना आणून दिला आणि मुलांनी पत्र्यावर पांढरा हात फिरवला. दुपारचा आकडा उतरला. लगेच वर्गात दोन तट. एक म्हणे चुन्याने, दुसरा म्हणे ढग आले होते म्हणून. निकाल लागला तो दगडी खोलीमुळे. चुना फक्त पत्र्याला लावला होता, ढग मात्र दोन्ही खोल्यांवर होते. दोन खोल्यांमधला फरक आधी किती होता आणि नंतर किती राहिला, हे बघितल्यावर चुन्याची बाजू जिंकली. ‘नियंत्रित प्रयोग’ ही व्याख्या पुढे पुस्तकात आली, तेव्हा कुणी ती पाठ केली नाही. “म्हणजे आपली दगडी खोली,” एवढंच म्हणाले.

आता लेण्यांकडे येते. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे लेण्याद्रीतलं सातवं लेणं, मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. सत्तावन्न फूट लांब आणि एक्कावन्न फूट रुंद दालन, मध्ये एकही खांब नाही. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह. अष्टविनायकांतला डोंगरावरचा हा एकच गणपती, आणि त्याच्याबद्दल आमच्याकडे घरोघरी सांगतात की दिवसा तिथे दिव्याची गरज नाही, सूर्य मावळेपर्यंत देवापुढे उजेड असतो. आमची मुलं संकष्टीला तिथे फुलं-नारळ विकणाऱ्यांची, डोलीवाल्यांची मुलं आहेत. हे वाक्य तपासायचं त्यांनीच ठरवलं. मी जरा बिचकले होते. त्यांना मात्र यात देवाची परीक्षा घेतोय असं मुळीच वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने परीक्षा सूर्याची होती.

संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे काही चिकटवायचं नाही, ठेवून यायचं नाही, तारा ओढायच्या नाहीत. त्यामुळे फक्त फोन. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप काढलं. फोनमध्ये आधीच असलेले प्रकाश, चुंबकत्व, दाब, हालचाल, आवाज यांचे सेन्सर त्यात थेट वाचता येतात. लेण्याबाहेर भर उन्हात आकडा लाखाच्या घरात. ओसरीत हजारांत. आत मागच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात दोन आकडी लक्स. मुलांचा विश्वास बसेना, कारण डोळ्यांना तर चांगलं दिसत होतं. एकमेकांचे चेहरे, भिंतीवरचे छिन्नीचे घाव, सगळं. डोळा हजारपट कमी उजेडातही निभावून नेतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही, हे त्या दिवशी कळलं. लोक सांगतात ते खोटं नाही. दिवा लागत नाही खरंच. फक्त त्याचं निम्मं श्रेय डोळ्याला द्यावं लागेल.

पण थेट ऊन देवापर्यंत पोचतं का? शाळेत परतल्यावर कोनमापक घेऊन बसलो. लेणी दक्षिणमुखी. डिसेंबरच्या शेवटी जुन्नरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्या कोनात ऊन दाराच्या उंचीएवढंच आत जमिनीवर सरकणार, पन्नास फूट नव्हे. म्हणजे आतला उजेड ओसरीच्या आणि अंगणाच्या दगडावरून उसळून आलेला. आणि उन्हाळ्यात? साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आमच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो. एका मुलीने मेच्या सुट्टीत अंगणात काठी रोवली आणि भरदुपारी तिची सावली दक्षिणेकडे पडलेली पाहिली. आजीला बोलावून दाखवली. आजी म्हणाली, उन्हाळ्यात होतंच तसं, आम्ही वाळवणं त्या हिशोबाने हलवतो. मुलीने हे वहीत ‘संदर्भ’ म्हणून लिहिलं. मी ते तसंच ठेवलं.

पायऱ्यांचा खेळ चटकन झाला. लेण्याद्रीच्या पायऱ्या कुठे २८३ छापलेल्या दिसतात, कुठे ३०७. मुलं मोजत चढली तर प्रत्येकाचा आकडा निराळा. मग दाबाचा सेन्सर घेऊन चढलो. नऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल या हिशोबाने तो रेषेत उतार दाखवत होता आणि जिथे जिथे मुलं दम खायला थांबली, तिथे तिथे रेषा आडवी. कोण किती वेळ बसलं हे आलेखात दिसल्यामुळे दोन-तीन पैलवान फार नाराज झाले.

आवाजाचा वेग मात्र शाळेच्या व्हरांड्यातच मोजला. पाच मीटर अंतरावर दोन फोन ठेवले, एकाशेजारी टाळी, मग दुसऱ्याशेजारी टाळी. दोन टाळ्यांमधल्या, दोन्ही फोनांनी मोजलेल्या वेळांत सुमारे २९ मिलिसेकंदांचा फरक येतो, आणि तेवढ्यात ध्वनीने दहा मीटर कापलेले असतात. जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी हा फरक जरा वाढतो, एप्रिलच्या दुपारी कमी होतो, कारण हवा दर अंशाने तापली की आवाज सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वेगवान होतो. या प्रयोगाचा एकच ताप. टाळ्या ऐकून शेजारचा वर्ग काय झालं ते बघायला धावत येतो.

सगळ्यांत जास्त दिवस चाललं ते पावसाचं काम. आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझी एक मैत्रीण शिकवते. तिची शाळा आदिवासी वाड्यांमधली, भीमाशंकरच्या डोंगराकडची. दोन्ही शाळांत एकसारखे पर्जन्यमापक करायचं ठरलं. सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली तराजूच्या दांडीसारखी डुलणारी दोन कप्प्यांची पन्हळ. एक कप्पा भरला की ती कलंडते, दुसरा कप्पा पुढे येतो. दांडीला चुंबक, शेजारी चुंबकाने मिटणारा स्विच. प्रत्येक कलंडणं म्हणजे एक नोंद. नरसाळ्याचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाचं पाणी साधारण २० मिलिलिटर. कप्पा ५ मिलिलिटरला कलंडला, तर एक नोंद पाव मिलिमीटरची. पाच मिलिलिटर मोजायला दवाखान्यातून आणलेली नवी सिरिंज. ‘वर्तुळाचं क्षेत्रफळ’ या धड्याला अचानक गिऱ्हाईक मिळालं.

पहिल्या सरीत डबीने सांगितलेला पाऊस शेजारी ठेवलेल्या साध्या कापलेल्या बाटलीच्या दुपटीहून जास्त. स्विच मिटताना क्षणभर थरथरतो आणि एकाच कलंडण्याची दोन-तीनदा नोंद होते. एक नोंद झाली की अर्धा सेकंद दुसरी घ्यायची नाही, असं प्रोग्रॅममध्ये लिहिल्यावर ते थांबलं. मग मुंगळ्यांनी पन्हळीत घर केलं. मग नरसाळ्यात पिंपळाचं पान अडकलं आणि कोसळत्या पावसात आमचा आलेख सपाट राहिला. जोराच्या सरीत तर कप्पा कलंडत असतानाच पाणी वाया जातं, त्यामुळे हे यंत्र मुळातच थोडं कमी मोजतं. एकूण पावसासाठी अखेर आम्ही बाटलीवरच विश्वास ठेवला. बाटली कधी थरथरत नाही. पण पाऊस रात्री दोनला आला की पहाटे पाचला, हे बाटलीला माहीत नसतं.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, कारण तेव्हा जगाच्या प्रमाणवेळेनुसार पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि सगळीकडे एकाच वेळी नोंद व्हावी लागते. आम्हीही साडेआठ धरले. प्रार्थनेआधी बाटली वाचायची पाळी लावली, रविवारीसुद्धा. जुलैत मैत्रिणीच्या शाळेचा आलेख दिवसरात्र चढत असायचा, आणि आमच्याकडे नुसती भुरभुर. सह्याद्रीच्या धारेवर ढग रिकामे होतात आणि पूर्वेला येईपर्यंत हात आखडतात, हे भूगोलात वाचलं होतंच. गंमत ऑक्टोबरात झाली. एका दिवशी दोन्ही बाटल्यांचा आकडा जवळपास सारखा आला. आलेख काढले तर तिकडे दिवसभराची संथ चढण आणि आमच्याकडे दुपारपर्यंत सपाट रेषा, मग पाऊण तासात उभा कडा. ज्याच्या घरचे टोमॅटो त्या पाऊण तासात झोपले होते, तो मुलगा आलेखावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो पाऊस आन्‌ त्यो पाऊस एक न्हाई.” बाटली मात्र दोन्ही एकच आहेत म्हणत होती.

मैत्रिणीच्या वर्गात प्रश्न वेगळ्या वळणाने आला. माळीण हे गाव त्यांच्याच भागातलं. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला, दीडशेवर माणसं गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. तिच्या मुलांच्या घरांत त्या दिवसाबद्दल अजून बोललं जातं. एका मुलाने विचारलं, तासाला किती पडला की घाबरायचं? कुणीतरी सुचवलं की या मापकाला भोंगा जोडू, प्रदर्शनात पहिला नंबर येईल. तिने नाही म्हटलं, आणि मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं. दरड केवळ त्या तासाच्या पावसाने सुटत नाही. आधी किती दिवस मुरलेलं पाणी आहे, उताराची माती कसली, तिथे काय खणलंय, या सगळ्यावर ते ठरतं. पान अडकलं की सपाट रेषा दाखवणाऱ्या डबीच्या भरवशावर कुणाला निर्धास्त झोपू देणं हा खेळ नाही. त्याऐवजी मुलं आता रोजच्या आलेखाखाली मागच्या दहा दिवसांची बेरीज लिहितात. भोंगा नाही.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, मोठं प्रदर्शन भरतं. ते भरतं जीएमआरटीत, म्हणजे तिथल्या रेडिओ दुर्बिणींच्या केंद्रात. हे केंद्र आमच्या तालुक्याचं वैभव. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी, त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जाळी आणि दोरखंडांच्या जोरावर त्या इतक्या हलक्या आणि स्वस्त केल्या की जगाने येऊन पाहिलं. आमची मुलं तिथे पावसाचे आलेख घेऊन गेली होती. एका मुलीने तिथल्या संशोधकाला विचारलं, तुम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसता का? ते म्हणाले, डोळा लावायला जागाच नाही, आम्ही फक्त नोंदी घेतो आणि नंतर बघतो. मुलीने मान हलवली. हे तिच्या धंद्यातलंच होतं.

तिथेच त्यांना हेही कळलं की असल्या दुर्बिणींना मोबाइल, ठिणग्या उडवणाऱ्या मोटारी, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांची कटकट होते. परत आल्यावर आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आर्डुइनोजवळ धरून मध्यम लहरींवर लावला. भरभरून खरखर. डबी दूर नेली की कमी. आपण शांतपणे मोजतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांची डबी स्वतःच गोंगाट करत होती. मग कुठल्या डबीचा गोंगाट जास्त आणि तो किती अंतरापर्यंत पोचतो, याची मोजणी मुलांनी आपणहून सुरू केली. ट्रान्झिस्टरची बॅटरी संपली तेव्हा थांबली.

सध्या एक डबी कांद्याच्या चाळीत आहे. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची चाळ. साठवणीच्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. ओलावा वाढला की सड, फार कमी झाला की वजनात घट. आर्द्रतेचा स्वस्तातला सेन्सर पाच टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, म्हणून बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवून तो तपासून घेतला. अशा बरणीत आर्द्रता ७५ टक्के होते, ती त्याने किती दाखवली ते डबीवर चिकटवून ठेवलंय. पहिल्या आठवड्याचा आलेख बघून मुलीचे वडील म्हणाले, “रेषा छान हाय. पण पंखा कवा लावू आन्‌ कवा बंद करू तेवढं सांगा.” मुलगी म्हणाली, ओलावा सत्तरच्या वर गेला की लावा. शेजारी बसलेला तो ऐकेना मुलगा म्हणाला, आणि बाहेरची हवा त्याहून ओली असली तर? पंखा ओलावाच आत ओढणार. दुसरा सेन्सर मागवलाय, चाळीच्या बाहेर लावायला. तो येईपर्यंत पंख्याचं बटण मुलीच्या आजीच्या हातात आहे, आणि ती कांदा चाळीतून उचलून, दाबून, हुंगून ठरवते. कधी लावला ते मात्र तिने भिंतीवर खडूने लिहायचं कबूल केलंय, म्हणजे पुढच्या महिन्यात दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतील.